टोस्टची धग

कात्री. सुतळीनं खिळ्याला टांगलेली, मुठीवर गंज.

पावाचे सहा ट्रे. चार दिवस त्यांना वार्निशचा वास येत होता, तरी गल्लीनं पाव खाल्ला.

कोगनोळीच्या नाक्याजवळ उभा असलेला एक टेम्पो. ड्रायव्हरला गावातली एक म्हातारी रोज दोन भाकऱ्या आणून देते आणि रोज विचारते, "गाडीत काय हाय रं?" तो म्हणतो, "धागा." ती म्हणते, "एवढाच?"

हिरवी साडी, अडीच हात विणलेली. पुढं काहीच नाही.

"नाळे बा."

एक पंप. पंपाला पाइप. पाइपाचं तोंड भलतीकडं.

मैदा, चिमूटभर.

*

हे सगळं येऊन मिळतं ती गल्ली बेळगावच्या वडगावातली. नाल्याच्या अंगानं वाकडी गेलेली, दोन्ही बाजूंना बसकी घरं, आणि घरात माणसांच्या आधी माग. सव्वीस माग. त्यातले आठ एकट्या नागेंद्रच्या शेडमध्ये. उरलेले अठरा गल्लीभर, कुणाचे दोन, कुणाचा एक. इथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. मागांच्या खडखडाटात दुसरा इलाज नसतो. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटतं, घरात भांडण चाललंय, आणि तो चहा न पिता उठायला बघतो.

एकोणीस सालच्या ऑगस्टात ही गल्ली गप्प झाली.

मंगळवारी दुपारी नाल्याचं पाणी आत आलं आणि तीन दिवस राहिलं. माणसं शाळेत जाऊन राहिली, माग पाण्यात राहिले. शुक्रवारी पाणी उतरलं तेव्हा मागांवरच्या साड्या चिखलानं एकाच रंगाच्या झाल्या होत्या. अंजिरी, मोरपंखी, डाळिंबी, सगळ्या एकच.

अक्काताईची हिरवीसुद्धा.

अक्काताई जोडणी करायची. मागावरचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, संपला की मागं नवं बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, चढतं, आणि जुन्या ताण्याचा एकेक धागा नव्याच्या एकेक धाग्याला जोडावा लागतो. गाठ मारायची नाही. बोटांना राख लावायची आणि दोन टोकं अशी पिळायची की ती जन्मापासून एकच होती असं वाटावं. साडीला चार हजार दोनशे धागे. अक्काताई तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागांमागं मांडी घालून बसली आणि पिळत राहिली. तिच्या अंगठ्याच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या; रेशन दुकानातलं यंत्र तिला ओळखत नसे. "ही कोण बाई?" असं ते दरमहा विचारायचं, आणि ती दरमहा म्हणायची, "मलाच विचार की रं मुडद्या."

तीस वर्षांनी, त्या उन्हाळ्यात, तिनं स्वतःचा माग घेतला. जुना, एकच. पण तिचा. नव्या मागावरची पहिली साडी देवीला द्यायची गल्लीची रीत. अक्काताईनं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं, पहिली आपण नेसायची. देवीकडं साड्या लई आहेत.

ती साडी अडीच हातांवर थांबली.

*

शनिवार.

बाळाबाई, म्हणजे अक्काताईची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. तिनं सकाळपासून खपून घरातला चिखल ओढून काढला होता. दोन माग, तयार झालेल्या तीन साड्या आणि जरीचा अख्खा डबा, एवढं तिचं पाण्यात गेलं होतं. खराटा टेकवून ती उंबऱ्यावर बसली आणि अक्काताईला म्हणाली, "पाच मिनटं आधी कळलं असतं न्हवं आक्का, तर डबा तरी वर टाकला असता."

अक्काताई म्हणाली, "व्हय की." आणि आपल्या घरात गेली.

तेवढ्यात डिझेलचा पंप सुरू झाला. गल्लीत पंप एकच, नागेंद्रचा. त्याच्या शेडमधलं पाणी खिडकीवाटे पाइपातून बाहेर यायला लागलं आणि उताराला लागून थेट बाळाबाईच्या उंबऱ्यावरून आत गेलं. घोट्याएवढं. नव्यानं.

"नागेंद्रा! मुडदा बशिवला तुझ्या पंपाचा! बंद कर!"

नागेंद्र दारात आला. चाळिशीचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका कानाला फोन. "मामी, पाणी माझ्या शेडातलं. गल्ली सरकारची. मी सरकारला पाणी दिलं."

"आणि माझं घर काय तहसीलदारानं बांधलंय व्हय रं?"

"अर्ज करा की," नागेंद्र म्हणाला आणि फोनवर कन्नडमध्ये बोलायला लागला. फोनवर होता मोटारी दुरुस्त करणारा वायंडिंगवाला. त्या भागात धड काम करणारा तो एकच. नागेंद्रच्या आठ मोटारी आणि एक जादाची नववी, अशा नऊ त्यानं आधीच उचलून नेल्या होत्या, आणि त्या होईपर्यंत दुसऱ्या कुणाची घ्यायची नाही हे ठरलं होतं. गल्लीतलं कुणी गेलं की वायंडिंगवाला वरसुद्धा न बघता म्हणायचा, "नाळे बा."

म्हणजे उद्या ये. सोमवारीही उद्या. मंगळवारीही उद्या.

*

अक्काताई मात्र घरोघर फिरत होती. हातात कात्री.

"वीतभर सोडा," ती प्रत्येकाला सांगत होती. "फणीच्या मागं वीतभर जुना धागा ठेवा, मग कापा. चिखलाचा असू दे. वाळू दे."

कारण साधं होतं. फणी म्हणजे मागावरची मोठी कंगवी. तिच्या दातांतून ताण्याचा प्रत्येक धागा गेलेला असतो. जुना धागा वीतभर जरी आत राहिला, तरी नवा त्याला जोडून आत ओढता येतो. अर्ध्या दिवसाचं काम. जुना पूर्ण निघाला, तर चार हजार दोनशे धागे एकेक करून पहिल्यापासून ओवायचे. माणसं दोन, दिवस दोन, माग एक.

ती नागेंद्रच्या शेडमध्येही गेली. तिथं आठही माग धुऊन लखलखीत झाले होते. पंपाला दुसरा बारीक पाइप लावून त्यानं फण्या अशा झोडपून काढल्या होत्या की दातांतून आरपार उजेड दिसत होता. धागा एक नाही.

अक्काताई बघतच राहिली. "नागेंद्रा, अरं धागं?"

"चिखलाचं धागं ठिवून काय पूजा करायची काय, आक्का? सगळ्यात पयला माझा माग सुरू हुतोय का न्हाय बगा."

नागेंद्रचा बाप असता तर त्यानं असं करू दिलं नसतं. बाप मागावर बसलेला होता. नागेंद्र मागांच्या मालकाच्या पोटी जन्माला आलेला. फणी त्यानं नेहमी समोरून बघितली होती, मागून कधीच नाही.

अक्काताईचं सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि तिला स्वतःच्या मागाची घाई होती.

*

मोटारींचा तोडगा आरोहीनं काढला. आरोही अक्काताईची मुलगी. मच्छेतल्या एका कारखान्यात मोटारी तपासायच्या विभागात कामाला.

"आई, भिजलेली मोटार मेलेली नसती," ती म्हणाली. "चिखल धुवायचा आणि ओव्हनमध्ये वाळवायची. आमी रोज करतो. उगंच वायंडिंगवाल्याच्या पाया पडू नगा."

"ओव्हन कुठं हाय गं आपल्याकडं?"

दोघींनी एकाच वेळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या साईनाथच्या बेकरीकडं बघितलं. लाकडाची भट्टी, जोत्यावर उंच बांधलेली, पाणी न लागलेली.

साईनाथ साठीचा, डोक्यापासून पायापर्यंत मैदा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वरनं दूध लावू का अंडं?"

"थट्टा नगं अण्णा."

"थट्टा न्हाय. धग किती पायजे ते सांग."

"शंभराच्या खाली, काका," आरोही म्हणाली.

"माझ्या भट्टीला काटा न्हाय बाळा. तिला पावाची धग हाय, खारीची हाय आणि टोस्टची हाय. पाव फुगायला लागतीया, खारी फुलायला. टोस्ट निस्ता वाळायला लागतोय. यातली कुठली?"

"मी कारखान्यातनं मेगर आणते. आतला ओलावा त्यात कळतो. तवर काय करू नगा," असं म्हणून आरोही बस पकडायला गेली.

काय करू नगा. एवढंच तर करायचं होतं.

पण एव्हाना बातमी गल्लीभर झाली होती आणि बेकरीसमोर माणसं मोटारी काखोटीला मारून उभी राहिली होती. भट्टीत एका वेळी सहा मोटारी बसणार. अक्काताईनं रांग बघितली. तिच्यापुढं सात जण. तीस वर्षं ती रांगेतच होती.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं सांगितलं. पयली माझी."

"आक्का, आत्ताच पाव काढलाय," साईनाथ म्हणाला. "दुपारपतूर थांबा."

"मोटार माझी, नशीब माझं. घाला."

साईनाथनं लांब दांड्याच्या फावड्यावर मोटार ठेवली आणि पावासारखी आत सरकवली.

अर्ध्या तासात वास आला. आधी वार्निशचा, मग रबराचा, मग ज्याला नाव नाही असा. बाहेर काढलेली मोटार आतून कोळसा झाली होती. तांब्याच्या तारांवरचं सगळं वेष्टण वितळून खाली आलं होतं.

अक्काताई त्या काळ्या गोळ्याकडं बघत होती. तीस वर्षं.

मग साईनाथ हळूच म्हणाला, "म्हंजे पावाची धग न्हाय. टोस्टची." त्यानं भट्टीच्या तोंडाशी चिमूटभर मैदा टाकला. मैदा लगेच करपला. "हा मैदा टाकल्यावर शंभर मोजेपतूर पांढरा राहिला, की मोटार आत. आता कळलं."

आणि इथं एक गोष्ट झाली, जी अक्काताईनं मागितली नव्हती. मागं उभी असलेली बाळाबाई आपली मोटार खाली ठेवून पुढं आली आणि अक्काताईच्या गळ्यात पडली.

"आमची जळू नये म्हणून हिनं आपली घातली बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आपला माग पणाला लावला हिनं!"

माणसांनी माना डोलवल्या. कुणीतरी डोळे पुसले. अक्काताईनं 'तसं न्हाय गं' म्हणायला तोंड उघडलं. पण बाळाबाईचा ओला गाल तिच्या खांद्यावर होता आणि मिठी सुटत नव्हती. तोंड परत मिटलं.

*

दुपारी दोन वाजता मैदा शंभर मोजेपर्यंत पांढरा राहिला. गल्ली एका आवाजात मोजत होती. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर! सहा मोटारी आत गेल्या. संध्याकाळी आरोहीनं मेगर लावून एकेक तपासली. आईच्या मोटारीचं कळल्यावर तिनं फक्त एकदा आईकडं बघितलं, आणि ती नजर गल्लीत दुसऱ्या कुणालाही वाचता आली नसती.

"चालू," ती म्हणाली. दुसरी. "चालू." तिसरी. "चालू."

सकाळी पाव, दुपारी मोटारी. तीन दिवस. टोस्ट बंद, कारण टोस्टची धग मोटारींनी घेतली. साईनाथच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, बेकरीच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, "आज टोस्ट मिळणार नाही. मोटार मिळेल."

सतरा मोटारी घातल्या. सतराच्या सतरा निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा साईनाथनं ती ट्रेवर ठेवली, वर फडकं झाकलं आणि गल्लीतून मिरवत नेली, मागं पोरंबाळं, जसं काही लग्नातलं रुखवत. मोटारीला आवाज नव्हता म्हणून दुर्गाबाईनं ताट वाजवलं.

तोवर महामार्गावरचं पाणी ओसरलं आणि कोगनोळीचा नाका सुटला. इचलकरंजीहून बीम घेऊन निघालेला, सहा दिवस अडकलेला टेम्पो गल्लीत शिरला. ड्रायव्हरची दाढी वाढली होती. "म्हातारीनं विचारलंय," तो म्हणाला, "धाग्याचं काय करतासा ते बघून ये."

*

मग अक्काताई बसली.

बोटांना राख बेकरीतलीच. पहिला माग कोपऱ्यावरचा, दुसरा त्याच्या समोरचा. पाळी दुर्गाबाईनं खडूनं भिंतीवर लिहिलेली: ज्याच्या घरी दुसरी कमाई नाही, तो आधी. अक्काताईचं नाव त्यात नव्हतं. मोटारच नाही, तर जोडून काय करायचं?

एक माग जोडून झाला की बटण दाबलं जायचं, क्षणभर काही व्हायचं नाही, आणि मग खडाक्. खडाक् खडाक् खडाक्. गल्लीत एक आवाज वाढायचा. पाचव्या दिवशी आठ माग झाले. दोन पोरी तिच्याजवळ बसून पिळायला शिकल्या आणि नवव्यापासून वेग दुप्पट झाला. लोक परत ओरडून बोलायला लागले. "आक्का, चहा!" "काय?" "चहाऽऽ!"

दहाव्या मागावर, बाळाबाईच्या पहिल्या मागामागं ती बसली असताना, नागेंद्र दारात येऊन उभा राहिला. दाढी त्याचीही वाढली होती. त्याच्या मोटारी कधीच आल्या होत्या. बीमं आली होती. आठ माग लखलखीत उभे होते आणि ओवायला माणूस नव्हतं; शहापूरपासून खासबागपर्यंत वहिफणी भरणारा, म्हणजे फणीत धागे ओवणारा प्रत्येक हात महिनाभर गुंतलेला.

"आक्का," तो म्हणाला, "नववी मोटार हाय माझ्याकडं. तुमच्या मागाला बसती. आजच बसवून देतो. फकस्त आधी माझं घ्या."

अक्काताईचे हात थांबले.

भिंतीपलीकडं तिचा माग होता. हात लावला तर भिंत ऐकेल एवढा जवळ. आज मोटार, उद्या जोडणी, परवा खडाक्. बाळाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडं नेली. काही मागितलं नाही. तेच वाईट झालं.

"रांगेत ये, नागेंद्रा," अक्काताई म्हणाली.

"आक्का, मोटार फुकट—"

"रांग मोडली की काय हुतंय ते मला ठाव हाय. जळतंय."

"मग तुमचा माग बसू दे तसाच!"

"बसू दे की. तीस वर्षं न्हवताच."

तो गेला. अक्काताईनं राखेत बोटं बुडवली आणि धागा उचलला. तो एक धागा तिनं दोनदा पिळला.

*

सतरावा माग सुरू झाला त्या दुपारी ती उठली, गुडघे चोळले आणि दोन्ही पोरींना म्हणाली, "चला, नागेंद्राकडं."

"का म्हणून?" बाळाबाई कमरेवर हात ठेवून वाटेत उभी. "त्यानं माझ्या घरात पाणी सोडलं! सडू दे त्याचं माग."

"त्याची पाळी आलीया, बाळे."

"अगं पण त्यानं—"

"पाण्यात कुणी काय केलं ते मी न्हाय काढत बसणार," अक्काताई म्हणाली. जरा जास्तच जोरात.

नागेंद्रचा विश्वास बसेना. अक्काताईनं त्याला विश्वास ठेवायला वेळही दिला नाही. "बस," तिनं फणीच्या मागची जागा दाखवली. "ओवायला दोघं लागत्यात. मी पुढनं हूक घालणार, तू मागनं एकेक धागा हातात द्यायचा. क्रम चुकला तर पयल्यापासनं."

"मी?"

"न्हायतर सरकारला बोलव."

गल्ली दारात जमून हसली. नागेंद्र बसला. चार हजार दोनशे. पहिल्या शंभरात तीनदा चुकला. हजारावर त्याची मान गेली. दोन हजारांवर तो म्हणाला, "आक्का, तुमी हे तीस वर्षं...?" आणि पुढचा धागा तिच्या हातात दिला. तिसऱ्या मागाला त्याचा हात बसला. चौथ्या मागाला बाळाबाई आली, तोंड फुगवून दुसऱ्या फणीपुढं बसली आणि म्हणाली, "मला कोण धागं देणार? पंप?"

नागेंद्रची बायको ऋतिका धावत येऊन तिच्या मागं बसली.

त्याच आठवड्यात पंप पुराच्या गाळानं भरलेल्या गल्लीच्या विहिरीवर गेला आणि नागेंद्रनं दीड दिवसात गाळासकट ती उपसून दिली. या वेळी पाइपाचं तोंड कुठं करायचं ते बाळाबाईनं उभं राहून सांगितलं.

आठवा माग सुरू झाल्यावर नागेंद्र नववी मोटार स्वतःच्या खांद्यावरून घेऊन अक्काताईच्या दारात आला. "आता तर रांग संपली न्हवं?"

अक्काताईनं त्याला थोडा वेळ उभं ठेवलं. मग म्हणाली, "बसव."

तिचा ताणा जोडायला तिला बसू दिलं नाही. त्या दोन पोरी, बाळाबाई, ऋतिका आणि मध्ये चिखलातून वाळलेला वीतभर हिरवा धागा. साईनाथनं ताजी राख आणली, परातभर. आरोहीनं बटण दाबलं. सव्विसावा माग खडाक् करून सुरू झाला, आणि असं सांगतात की तेव्हा गल्लीत जो ओरडा झाला, तो सव्वीस मागांच्या वर ऐकू गेला.

हिरवी साडी पाचव्या दिवशी उतरली. अक्काताईनं घडी घातली आणि भिंतीपलीकडं जाऊन बाळाबाईच्या मांडीवर ठेवली.

"हे गं काय? पयली हाय न्हवं? देवीची?"

"देवीकडं साड्या लई हायत."

"मग तू नेस की!"

"तुला उठून दिसती."

बाळाबाईनं पदर उलगडून उजेडात धरला. काठ असे चमकले की तिनं डोळे बारीक केले. "जर बघ की कशी हाय! पाण्यात न्हाय सापडली व्हय ही?"

"न्हाय," अक्काताई म्हणाली. "माळ्यावर हुती."

बाळाबाई हिरवी साडी नेसून गल्लीत आली, कोपऱ्यापासून बेकरीपर्यंत चालत गेली आणि परत आली. सव्वीस माग चालू होते. कोण काय म्हणालं ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि सगळे म्हणत होते.

मंगळवारी दुपारी नाल्याचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलेलं सगळ्यांत आधी अक्काताईनं पाहिलं होतं. तिनं आधी आपला जरीचा डबा माळ्यावर ठेवला, आणि मग बाळाबाईचं दार वाजवलं.